वीस सेकंद पुढे

पहाटे पाचला वर धाडकन काहीतरी पडलं.
माकडं असतील, वाटलं. पण माकडं घोषणा देत नाहीत.
मी बॅटरी घेतली, सवयीनं गळ्यात शिट्टीही अडकवली
(पस्तीस वर्षं खेळ शिकवले त्या मराठी शाळेत,
आता तिथे पार्किंग आहे)
आणि जिना चढले,
भाडं वाढवायच्या तयारीनं.

खोलीत नऊ जण. करारावर दोन.
तेविता, सेमिसी, बाकीचे हॉस्टेलची भिंत ओलांडून आलेले,
आणि ओफा नावाची दाराएवढी मुलगी.
कॉटचा एक पाय मोडलेला.
लॅपटॉपवर अमेरिका:
शिरस्त्राणं घातलेली माणसं, कच्च्या पपईसारखा चेंडू,
सहा सेकंद धडक, मग दोन मिनिटं पंचायत.
"यात आपलं कोण?" मी विचारलं.

तेवितानं पडद्यावर बोट ठेवलं. बहात्तर नंबर.
त्यांच्या बेटावरचा, त्याच्या आत्याच्या शेजारचा.
चेंडूला तो हात लावत नाही. लावायचाच नसतो.
मागचा चेंडू फेकेपर्यंत
समोरच्याला नुसतं अडवून धरायचं.

आमची नंदा पोफळे अशीच होती, कबड्डीत, कोपऱ्यावर.
अठ्ठावीस सामने, तिच्या नावाची एक टाळी नाही.
तिच्या बाजूनं कुणी निसटलंही नाही.
मी मोडक्या कॉटवर बसले.

खिडकीत टेकवलेला फोन. फोनमध्ये बेट.
तिकडे सोमवारची भर दुपार,
चर्चच्या हॉलमध्ये पडदा, पंखे, पोरं, अख्खं गाव,
पुढे चटईवर बहात्तरची आई.
आणि काय भानगड होती कोण जाणे,
बेटावर खेळ वीस सेकंद आधी पोचत होता.
फोन ओरडायचा,
मग आम्ही लॅपटॉपकडे बघायचो, आता घडेल म्हणून,
आणि घडायचं.
ज्योतिषाकडे मी कधी गेले नाही. बरं झालं.

दूधवाला बेल वाजवून गेला. उतरले नाही.
साडेआठ. शेवटचं मिनिट, चार गुण मागे,
रेषा अगदी हाताशी.
फोन गप्प झाला.

ओरडला नाही, रडला नाही. गप्प.
पंख्यांची घरघर तेवढी.
लॅपटॉपवर अजून सगळे रांगेत वाकलेले,
बहात्तर पंजा गवतात रोवून,
अजून काहीच बिघडलेलं नव्हतं.
ओफानं फोन पालथा घातला.
उशीर झाला होता.
वीस सेकंद आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो.
आपल्याला ठाऊक आणि त्याला नाही,
असं कुणाकडे बघणं
मी यापूर्वी एकदाच केलंय, सयाजी हॉस्पिटलात. ते इथे नको.

त्यानं त्याचा माणूस अडवला.
शेवटपर्यंत अडवला.
चेंडू दुसरीकडूनच समोरच्यांच्या हातात गेला.

मी शिट्टी वाजवली. का ते विचारू नका.
आसोपालवातले पोपट उडाले.

मग ओफानं फोन सुलटा केला.
हॉलमधल्या बायका पडद्यापाशी गेल्या होत्या,
हेल्मेट काढून बसलेल्या त्या घामट पोराला
सगळ्या एकदम, हातवारे करून, काहीतरी बजावत होत्या.
"काय म्हणतायत?"
तेविता नाक पुसून म्हणाला,
"पाणी पी म्हणतायत."

खाली आले तर दक्षाबेन फाटकाशी, हातात झाडू,
शिट्टी ऐकून आलेल्या.
"शुं थयुं, टीचर?"
"हारी गया," मी म्हटलं. "आपणे हारी गया.
पण आपलो छोकरो जग्या परथी हल्यो नथी."
"कयो छोकरो?"

सेव-उसळ आणायला निघाले होते, नऊ जणांची.
एवढा मोठा डबा घरात कुठे ठेवलाय
तेच आठवेना.